ओढ्याकडच्या फाशाची चिंधी

ओढ्याकडच्या फाशाची चिंधी मी सोडली होती. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चुलतभावाला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मामांना तर नाहीच. आता पन्नाशी उलटली. बोलायची सवय मला तशी कधीच नव्हती. घरात म्हणतात, ह्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे उन्हाळ्यात आडातून घागर काढणं. पण न बोलण्याचाही माणसाला शीण येतो. तो आलाय, म्हणून लिहितो.

आमचं शेत जालना रोडनं करमाडच्या अलीकडं, आत. मी राहतो शहरात, मुकुंदवाडीत, आणि औरंगपुऱ्यात माझं फ्लेक्स छापायचं छोटं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, उद्घाटनं, असलं काम. वडील गेल्यावर शेत मामांकडं बटाईनं होतं. मामा नात्यानं आमचे कोणी नाहीत. वडिलांच्या वेळेपासून त्या शेतात राबलेले, म्हणून मी लहानपणापासून मामा म्हणतो आणि ते मला भाऊ म्हणतात. बांधाला बांध लागून चुलतभावाचं शेत. तो माझ्याहून मोठा, म्हणून दादा.

ओढ्याच्या काठानं वेड्या बाभळी माजल्या आणि त्यांत रानडुकरं राहायला आली. मका दुधात आला की रात्री वावरात उतरायची. डुक्कर खातं थोडं आणि पाडतं फार. सकाळी जाऊन बघावं तर कोणी रोलर फिरवून गेल्यासारखा मका आडवा. भुईमूग तर उकरून ठेवलेला, जसा काही आपल्यासाठीच काढून दिलाय.

सगळे उपाय करून झाले. जुन्या साड्या बांधाभोवती बांधल्या. शहागंजातल्या न्हाव्यांकडून केसांची पोती भरून आणली आणि बांधावर पसरली. हुंगताना केस नाकात गेले की डुक्कर माघारी पळतं म्हणतात. पळाली थोडे दिवस, मग सवय झाली. शेवटी मी दुकानातले जुने फ्लेक्स नेऊन लावले. मक्याभोवती सगळे भावी नगरसेवक हात जोडून उभे.

मामा तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "भाऊ, ह्यास्नी माणसं भेत नाय, डुकरं काय भेणार?"

"राहू द्या, तेवढाच आडोसा."

"ह्यातला निवडून कोन आलाय का?"

"एक आलाय."

"मग त्याला भगदाडावर लावा. त्यो एकदा बसला की दुसऱ्याला घुसू देत नसतोय."

शेवटी फासे आले. मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर घ्यायची, तिला सरकगाठ मारायची, आणि डुकरांची रोजची वाट जिथून जाते त्या कुंपणातल्या भगदाडात ते कडं टांगायचं. दुसरं टोक जड ओंडक्याला. वायरला गाडीच्या तेलाचा वास असतो, म्हणून मामा ती आधी गोवरीच्या धुरावर धरायचे. हे कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं, मामांनाही होतं. गावात सगळेच फासे लावायचे आणि विचारलं तर कोणीच लावत नव्हतं.

एक नेम मात्र चोखपणे पाळला जायचा. जिथं फासा, तिथं शेजारच्या झुडपाला, माणसाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर, एक चिंधी बांधायची. चिंधी दिसली की गुरं राखणारा गुरं वळवून न्यायचा, सरपणाला निघालेल्या बाया दुसरी वाट धरायच्या. चिंधी नसली म्हणजे वाट मोकळी. त्या एका चिंधीच्या भरवशावर अख्खं शिवार चालायचं.

पहिलं डुक्कर सापडलं तेव्हा मी तिथं होतो. वायर मानेत रुतलेली, ओंडका ओढून ओढून त्यानं बाभळीखालची सगळी माती उकरलेली. ओरडून ओरडून आवाज बसला होता, नुसती धाप ऐकू येत होती. मामांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि दोन घावांत संपवलं. खाणाऱ्यांनी ते नेलं. मला वाटलं होतं त्या दिवशी आपल्याला जेवण जाणार नाही. गेलं. दोन भाकरी खाल्ल्या आणि दुकानात आलो. पुढच्या डुकरांचं तर मी बघितलंही नाही. नुसतं फोनवर विचारायचो, "काय मामा, घावलं का?"

त्या साली पोळा तोंडावर आला होता. रविवारी सकाळी मी शेतात गेलो. मामा करमाडच्या बाजूला काही आणायला गेलेले. ओढ्याकडच्या भगदाडापाशी ओल्या मातीत डुकरांचे खूर उमटलेले दिसत होते. कळप फाशाच्या अगदी तोंडाशी येऊन वळला होता आणि वर दुसरीकडूनच घुसून त्यानं मका पाडला होता. त्या झुडपाला पिवळी चिंधी होती, मामींच्या जुन्या लुगड्याची. मला वाटलं, हे असंच चाललंय. चिंधीला माणसाचा वास, मामांच्या तंबाखूचा वास, आणि डुक्कर सगळं नाकानं जाणतं. आपणच त्याला पाटी लावून सांगतोय की इकडून येऊ नको. मी चिंधी सोडली आणि खिशात घातली. दादाला आणि मामांना लगेच सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात दुकानातून फोन आला, कोणाचा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत हवा होता. मी गाडीला किक मारली.

विसरलो असं म्हणायची सोय होती, पण तसं झालं नाही. सोमवारी मशीनवर काम करताना मला ते आठवलं. आठवलं आणि मी म्हटलं, फोन करतो जरा वेळानं. मग म्हटलं, दादा काय रोज तिकडं जातो थोडाच. मी आळस केला, बस. दुसऱ्या दिवशी दादाचाच फोन आला.

दादानं बैल ओढ्याच्या कडेनं चारायला नेले होते. चिंधी नव्हती, म्हणून त्यानं त्यांना मोकळं सोडलं. एका बैलानं मक्याच्या ओढीनं भगदाडात पाय घातला. वायर आवळली, बैल बिथरला, ओंडका बाभळीच्या खोडात अडकला. सोडवेपर्यंत पुढच्या पायाचं हाड दिसत होतं. डॉक्टरनं टाके घातले, सुया दिल्या. जखम चिघळली आणि पोळ्याच्या आधीच बैल गेला. पोळ्याला दादा उरलेला एकटा बैल घेऊन वेशीपाशी आला. बेगड लावली होती, झूल मात्र घातली नव्हती.

बैल जिवंत होता तेव्हाच दादाच्या गोठ्यासमोर माणसं जमली होती. मीही गेलो. फासे लावायचं काम मामांचं, हे सगळ्यांना ठाऊक.

"मामा, चिंधी कुठंय?" दादानं विचारलं.

"बांधली व्हती बाबा. पिवळी. म्हातारीच्या लुगड्याची."

"मग गेली कुठं? डुकरानं डोक्याला गुंडाळून नेली का पोळ्याला मिरवायला?"

दोघंचौघं हसले. मामा ओढ्याकडं चालायला लागले. आम्ही सगळे मागं. तिथं ते झुडपाखाली उकिडवे बसले आणि हातानं गवत चाचपत राहिले. कुठं फाटून पडली असेल, वाऱ्यानं गेली असेल, म्हणून. फार वेळ चाचपलं. मी मागं उभा होतो. ती चिंधी तेव्हा माझ्या दुकानात होती. धुण्याला टाकलेल्या पँटीत बायकोला ती सापडली होती. तिनं विचारलं, "ही कसली चिंधी?" मी म्हणालो, "मशीन पुसायची." आणि मग खरंच ती दुकानात नेऊन मी मशीनची शाई पुसली.

मामा उठले, गुडघे झटकले. दादाकडं बघून म्हणाले, "इसरलो असंल. वय झालं. माझं चुकलं, बाबा."

त्या वेळी मी काय विचार करत होतो ते खरं सांगतो. मला दादाची भीती वाटत नव्हती. फार तर चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसता. मला नुसतं ओशाळं व्हायचं नव्हतं. शहरात दुकान असलेला माणूस, शेतातला साधा नेम मोडतो, हे कोणी म्हणायला नको होतं. आणि मामांनी स्वतःच कबूल केलं म्हटल्यावर ते मिटलंच, असं वाटलं.

ते मिटलं नाही. मामांनी हंगाम काढला आणि बटाई सोडली. "माझ्या हातून जोखमीचं काम आता नगं, भाऊ," एवढंच म्हणाले. मी थांबा म्हणालो, पण जोर लावून म्हणालो नाही. त्यांचा मुलगा शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला जातो. त्यानं हळूहळू बापाच्या हातातल्या गोष्टी काढून घेतल्या. घरच्या तुकड्यातल्या विहिरीवरची मोटार चालू करायची नाही. गॅसजवळ जायचं नाही. पिकावर फवारायचं औषध किती मिसळायचं ते सुनेला विचारायचं. सुरुवातीला मुलानं काढलं, पुढं मामा आपणहूनच सगळं विचारायला लागले. दाराला कडी लावली तरी परत जाऊन बघायचे. मामी म्हणाल्या, "त्या बैलापासून ह्यांनी स्वतःवरचा इश्वास घालवलाय."

मुलानं मला फोन केला, बापाला शहरात डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचंय. मी म्हणालो, मी नेतो. मी त्यांना गाडीवर बसवून आणलं, दवाखान्यात नंबर लावला, चहा पाजला. गावात नाव झालं, भाऊनं मामाचं लई केलं. हे ऐकून मी मान हलवली, ते वेगळंच.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मामांना तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवायला लावले. शंभरातून सात, सात वजा करत जा म्हणाले. मामा भराभर उतरत गेले. आज वार कोणता, महिना कोणता, मराठी महिना कोणता. मराठी महिन्यासोबत मामांनी तिथीपण सांगितली. मग ते तीन शब्द विचारले, तेही बरोबर आले. डॉक्टर हसले.

"बाबा, माझ्यापेक्षा तुमचं डोकं चांगलं आहे. काही झालेलं नाही."

"तसं नाय, डाक्टर साहेब," मामा म्हणाले. "मी चिंधी इसरलो व्हतो. त्यात बैल गेला. आन् इसरलो ते बी मला आठवत नाय. मला तर बांधल्यालीच दिसतीय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "कसली चिंधी?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. सांगायला याच्याहून सोपी जागा मला परत मिळाली नसती.

मी म्हणालो, "शेतातलं आहे काहीतरी."

परतताना मामा मागं बसून म्हणाले, "डाक्टरला फाशातलं काय कळणार. गणितं घालून काय व्हतंय." त्यानंतर एकदा, मी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना, त्यांनी मला सरळच विचारलं. आवाज बारीक करून, आत सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. "भाऊ, तू बघितली नव्हती का रं चिंधी, त्या रविवारी? तू गेला व्हतास ना तिकडं?"

मी म्हणालो, "सोडा मामा. झालं ते झालं."

आता शेताला सौरऊर्जेचं झटका मशीन बसवलंय, तारेला हात लागला तर नुसता झटका बसतो. फासे आम्ही बंद केले. डुकरं तरीही येतात. मका मी लावत नाही, सोयाबीन लावतो. दादानं जोडीला दुसरा बैल घेतला नाही, राहिलेलाही विकला, आता ट्रॅक्टरवाल्याला सांगतो. त्याचा राग केव्हाच गेला. मामांना तो जत्रेला जेवायला बोलावतो आणि हात धरून पाटावर बसवतो, म्हातारं कुठं चुकंल म्हणून.

मामा अजून आहेत. गुडघे गेलेत, पण ऐकू येतं आणि समजतं. दादाच्या गोठ्यासमोर, त्या दिवशी जी माणसं होती त्यांच्या देखत, मला मामांना सांगायचं आहे की चिंधी तुम्ही बांधली होती, मी सोडली, तुम्ही काहीही विसरला नव्हता. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.