या तक्रारीत काका बाहेर

चष्म्याच्या काचा घासणं हा काकांचा पोटापाण्याचा धंदा. उरलेला जीव त्यांनी अंधांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या एका कॉम्प्युटर प्रोग्रामला दिला होता. गावोगावचे हौशी लोक मिळून तो फुकट बनवायचे. हौशी झाले तरी माणसंच ती. कुणी कुणाला नको ते मेसेज पाठवी, कुणी संमेलनात मुलींच्या अंगचटीला जाई. त्याच्या तक्रारी दोघांच्या समितीकडे यायच्या: काका आणि शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. नऊ वर्षं काकांनी या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही. त्यापायी दोस्त तुटले. बायको होती तोवर तिलाही त्यांनी कधी अवाक्षर सांगितलं नाही. ती गेली, आणि घरात काका नि लेक उरले. लेकही त्याच प्रोग्रामवर काम करायची.

नियम काकांनीच लिहिलेला: तक्रारीत ज्याच्या नात्यातलं कुणी असेल, त्याला ती दाखवायची नाही; त्यानं चौकशीही करायची नाही.

एका मंगळवारी बाईंचा फोन आला. "काका, या तक्रारीत तुम्ही बाहेर."

"बरं," काका म्हणाले. गटात त्यांच्या नात्यातलं एकच माणूस होतं.

लेकीला कुणी त्रास दिला, की लेकीनंच कुणाला? काकांचा जीव टांगणीला लागला. जेवायला ती समोरच बसे. मीठ जास्त झालंय का, हे विचारायला त्यांना जीभ होती. पुढचं विचारायला नव्हती. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती: बघा, पोटच्या पोरीसाठीसुद्धा मी नियम मोडत नाही! एकटा पडलेला माणूस असल्या ऐटीवरही दिवस काढतो.

तीन आठवड्यांनी गटाच्या यादीतून एका जुन्या सभासदाचं नाव गेलं. काका समजायचं ते समजले. तरी जेवताना त्यांनी मिठाचंच विचारलं.

शेवटी लेकच बोलली. "बाबा, तुम्हाला सांगायचं की नाही, हे बाईंनी माझ्यावर सोडलं होतं. मी रोज जेवताना वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून."

"अगं, पण नियम..."

"नियम समितीतल्या काकांना होता. माझ्या बापाला नव्हता."

काकांचे डोळे भरून आले. खुर्ची ओढून ते तिच्याजवळ सरकले. "सांग," म्हणाले.

ती सांगू लागली. संमेलन संपलं होतं, जिन्यातला दिवा गेला होता आणि तो मागून आला. इथवर येऊन ती थांबली. तिचा हात धरायचा, एवढंच काम होतं. पण नऊ वर्षं प्रत्येक तक्रारदाराला जे पहिल्यांदा विचारत आले, तेच काकांच्या तोंडून निघून गेलं.

"तारीख आठवते का?"

"चौदा," ती म्हणाली. "शनिवार." आणि ताट उचलून आत गेली.