करडं पिल्लू

शनिवार पेठेत माझं ब्लाउजपीसचं दुकान होतं. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढायचं आणि तिची घडी उलगडायच्या आत मी नेमक्या रंगाचं कापड समोर टाकायचे. डाळिंबी आणि आमसुली यांत घोळ घालणाऱ्या बाईला मी तोंडावर सांगायचे, उद्या डोळे घेऊन या. रंगांच्या बाबतीत मी उर्मट होते आणि मला त्याची लाज नव्हती.

मुलीने कर्वेनगरच्या घरी कॉर्न स्नेकची जोडी आणली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. बिनविषारी असला तरी साप तो सापच. पुढे त्यांना पिल्लं झाली आणि मुलगी त्यांच्या रंगाचा प्रकार ओळखायला मोबाइलवरच्या फोटोंशी एकेक पिल्लू ताडून बघत बसली. मग मला राहवेना. साध्या पिल्लाच्या अंगावर केशरी-तांबूस ठिपके, त्यांना काळी कड. काळा नसेल तर तो ॲमेल. तांबडा नसेल तर ॲनेरी, सगळा करडा. दोन्ही नसतील तर पांढरा स्नो. यात अवघड ते काय? हळूहळू धायरीहूनसुद्धा लोक डब्यात पिल्लं घालून माझ्याकडे यायला लागले. सकाळचा उजेड, खिडकीशी पांढरं कापड, आणि पिल्लाने कात टाकल्याशिवाय निकाल नाही, ही माझी शिस्त. कात यायच्या आधी सापाचे रंग मळतात, डोळे दुधाळ होतात. घाई करणाऱ्याला माझं ठरलेलं उत्तर होतं, "कात टाकू दे."

मागच्या खेपेचं एक पिल्लू मला करडं दिसलं. मुलगी म्हणाली, नीट बघ. मी म्हटलं, कात येतेय. मग त्याची आईही मला मळकट दिसायला लागली. तिचीही कात येत असेल, असं मी धरून चालले. घरातले सगळे साप एकदमच कातीवर आले, असं मानण्याइतकी मी शहाणी.

पिल्लाने कात टाकली. त्याचे डोळे स्वच्छ झाले, अंग तसंच राहिलं. मी ठणकावून सांगितलं, ॲनेरी.

"आई," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "केशरी आहे तो. अगदी भडक केशरी."

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे. आधी तांबडा जातो, मग बाकीचे रंग, मग उजेड. उपाय नाही. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घरी येऊन मी कपाटातली डाळिंबी साडी काढली आणि ती करडी बघून खूप रडले. त्याच महिन्यात दुकान बंद केलं.

परवा मुलीने कुणाचं तरी पिल्लू माझ्या हातावर ठेवलं आणि सवयीने विचारलं, कोणतं आहे? मी ते खिडकीशी नेलं. सकाळचे दहा वाजले होते. पांढऱ्या कापडावर काहीतरी हलत होतं, एवढंच मला दिसलं.

"कात टाकू दे," मी म्हटलं.

कापडावर हात टेकला तेव्हा बोटांना त्या पिल्लाने नुकतीच टाकलेली कात लागली. मुलीने ती मला दाखवायलाच तिथे ठेवली होती.

"बरं आई," ती म्हणाली. "टाकू दे."