इकाले गेलो तं?

गुणवंतमामाला नवी वस्तू दाखवायची सोयच नव्हती. फ्रीज असो की पैठणी, हात लावायचा, उलटसुलट बघायचा आणि विचारायचा, "हे इकाले गेलो तं काय भेटन?" माझ्या बाबांनी हौसेनं स्कूटर घेतली. पेढा तोंडात असतानाच मामानं मनातल्या मनात तिची विक्री उरकली. बाबा चिडले, "अहो, आजच आणली!" मामा म्हणाला, "म्हनूनच सांगतो भाऊजी, आज भाव हाये." माझ्यासाठी मुलगा पाहून आला तेव्हाही आईला म्हणाला, "पोरगा चांगला हाये व ताई, पन रीसेल नाई." आई हसून बेजार. मी मात्र महिनाभर मामाशी बोलणंच टाकलं, आणि लग्न त्याच मुलाशी केलं.

मामा राहायला अकोल्यात, पण सापडायचा नाही. शेतीच्या औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता. सकाळी दर्यापूर, दुपारी मोर्शी, मधेच आमच्याकडे अमरावतीला उभ्याउभ्या चहा. बूड म्हणून टेकायचं नाही. जेवतानाही एक पाय हलत असायचा. शोभामामी म्हणायची, "बसा ना घडीभर, पाट काई पेटला नाई." पण ताटावरून उठता उठताच त्याचा चपलेत पाय जायचा.

त्याचं खरं वेड म्हणजे परदेशी, महागडी घड्याळं. मी अकोल्याला गेले की मोबाइल माझ्या नाकाशी धरायचा. "हे पाय. चंद्र दाखवते, तारीख दाखवते, दुसऱ्या देशातली वेळ दाखवते. पन इकाले गेलो तं अर्धाच भाव. आन् हे पाय, ना चंद्र ना तारीख, किंमत दुप्पट. पन दुकानातून बाहेर निंगलं का भाव चढते! आन् हे तिसरं, शंभर मीटर पान्याखाली चालते." मामी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आपल्या नळाले चार दिवसांआड पानी येते. शंभर मीटर पानी आनता कोठून?" मी विचारायची, "मामा, घड्याळ वेळ बघायला घेतात की विकायला?" तो कीव केल्यासारखा बघायचा. "वेळ मोबाइलमंदीही दिसते, पोरी. वस्तू तेच घ्यावी, जे इकता येते."

आणि तो विकायचा. गाडी विकली, मामीचं शिलाई मशीन विकलं, राहतं घरसुद्धा भाव आला म्हणून विकलं. मग गावाबाहेर एक प्लॉट घेतला. मामीनं तिथं सीताफळाचं झाड लावलं, भाड्याच्या घरून बादली नेऊन त्याला पाणी घालायची. झाडाला पहिली फळं धरली, त्या सुमारास ती बादली घेऊन गेली तर पुढे तारेचं कुंपण आणि कुलूप. मामानं प्लॉट विकला होता. "सांगाचंच राहून गेलं," एवढंच तो म्हणाला. मामीनं बादली मोरीत उपडी ठेवली. मला मात्र त्याचा असा संताप आला की काय सांगू! अजूनही येतो.

त्याच पैशातून ते भाव चढणारं घड्याळ आलं. सोबतचा डबा आणि कागद कपाटात, कुलपात. पट्ट्यावर, काचेवर, पाठीवर कंपनीची निळी, प्लास्टिकची पन्नी होती, ती काढायची नाही, कारण पन्नी गेली की भाव गेला. फिरतीवर न्यायचं नाही, घाम लागेल. फक्त रविवारी मनगटावर. "याले सेल नाई, चावी नाई. हात हलला तं चालते, थांबला का बंद. माह्यासारखंच हाये." मामी पुटपुटली, "तुमी थांबता कुठं?"

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, मी माहेरी असताना, मामा अमरावतीला आला तो उडतच. घड्याळाचा भाव चढला होता. ते विकायचं आणि दुसरं घ्यायचं. जुनी घड्याळं घेणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात मलाही ओढत नेलं. सलीमभाईंनी भिंग लावून काच पाहिली, काटे पाहिले, खूश झाले. मग घड्याळ उलटं केलं आणि थबकले. "गुणवंतभाऊ, ये पन्नी किसीने निकाल के वापस चिपकाई है." त्यांनी पन्नी उचलली. खाली, भांड्यांवर असतात तशा टिपक्याटिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं:

गुणवंत यांस शोभाकडून. विकू नये.

मला हसू फुटलं. मामाकडे पाहिलं आणि मी ते आवरलं.

सलीमभाई भला माणूस. म्हणाले, "घासून देतो. थोडा भाव उतरन, पन इकल्या जाईन. ठेवून जा." मामानं घड्याळ पुढे सरकवलं, परत ओढलं. "इचार करून सांगतो," म्हणाला. विकायच्या बाबतीत विचार करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

मामाला सोडायला बडनेरा स्टेशनवर गेले, तर गाडी लेट होती. मामानं बाकावर बसूनच मामीला फोन लावला. तो नेहमी स्पीकरवर बोलायचा. फलाटभर ऐकू जाईल असा ओरडला, "काय वं, हे काय करून ठेवलं?"

"भाचीच्या लग्नातल्या तांब्यांवर नाव टाकाले गेली होती," मामी शांतपणे म्हणाली. "म्हटलं, लागल्या हाती हेही टाकून घ्या."

"अवं, एवढ्या मोलाची वस्तू! भाव गेला ना तिचा!"

"गेला ना? मंग आता तं राहीन घरात." मग म्हणाली, "सीताफळाले फळं धरले होते हो. एक तरी वस्तू राहू द्या."

फोन बंद झाला. मामाचा पाय हलत नव्हता. तो हलणारा पाय मी लहानपणापासून पाहत आले होते. मग त्यानं मला विचारलं, "इकाले गेलो तं काय भेटन आता?"

"घासायचं नसेल तर काही नाही," मी म्हणाले.

"मंग झालं." त्यानं नखानं काचेवरची पन्नी उचकटली, मग पट्ट्यावरची, एकेक करून सगळी. चुरगळलेली पन्नी खिशात घातली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि गाडी आल्यावर चढला. त्यानंतर ते रोज त्याच्या हातावर असायचं, औषधांच्या गोण्यांतसुद्धा. काचेवर ओरखडे पडले. बाकीच्यांना "इकाले गेलो तं?" विचारणं चालूच होतं म्हणा, ते काही सुटलं नाही.

गेल्या वर्षी मामा गेला. जन्मभर जागेवर न बसलेला माणूस, खुर्चीत बसल्याबसल्या गेला.

घड्याळ आता मामी घालते. पट्टा सैल होतो, भाकरी थापताना पार कोपरापर्यंत सरकतं. "काढून ठेवा ना मामी," मी म्हटलं. "काढलं का बंद पडते बाप्पा," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली. परवा माझ्या नवऱ्यानं, त्या रीसेल नसलेल्या जावयानं, कौतुकानं मोबाइलमध्ये शोधून सांगितलं, "मामी, या घड्याळाचा भाव केवढा चढलाय ठाऊक आहे? ओरखड्यांसकट, नावासकट घेणारे आहेत."

मामीनं पिठाचा हात त्याच्यासमोर धरला.

"तुमाले वाचता येते ना जावईबुवा? मांगं लिहिलं हाये."