कापसाच्या पंखांची परी

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो. बहीण चौथीत असताना तिने यावर तोड काढली. कापूस वेचणीच्या सुट्टीत बांधावर बसून तिने आईला विचारलं, "लिखी दिधं तं मामा वाट चुकस का?"

आईचं माहेर धुळ्याचं. ती हसून म्हणाली, "लिख. तुना मामा धुयानाच शे, त्याले रस्ता पाठ शे."

तिने वहीची चार पानं भरली. एका परीचे पंख तुटतात. ती वेचणाऱ्या बायांच्या रांगेत उभी राहते, ओटीत कापूस जमवते आणि त्याचे पंख शिवते. पुढेही बरंच काही होतं.

मी तेव्हा जळगावला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात तोंड उघडलं की माझ्या अहिराणी बोलण्याला मुलं हसायची, म्हणून मी गप्प बसायचो. वार्षिक अंकासाठी साहित्य मागवलं, तेव्हा मला ती पानं आठवली. बहिणीला विचारून मी ती फाडून नेली. तिचं नाव छापून यावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण तिच्यामुळे मलाही कोणी हसू नये, असंही वाटत होतं, हे आज कबूल करतो.

मी गोष्ट 'नीट' केली. भाषा बदलली. कापसाचे पंख चांदीचे केले. परी भर दुपारी उडायची, तिला चांदण्या रात्री उडवलं आणि शेवटी एक राजपुत्र आणून ठेवला.

अंक घेऊन घरी गेलो. तिने आधी आपलं नाव बोटाने चाचपलं, मग गोष्ट वाचली.

"भाऊ, मनी परी रातले उडत नही."

"का गं?"

"रातले दव पडस ना. पख वल्ला व्हतीन. मंग ती उडी कशी?"

दवाने ओला कापूस वेचत नाहीत, उन्हाने सुकेपर्यंत बाया बांधावर थांबतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. तिने ते गोष्टीत आणलं होतं आणि मी ते खोडलं होतं.

तिची पानं मी कॉलेजात, अंकाचं काम चालायचं त्या खोलीतच सोडून आलो होतो. परत गेलो तोवर ती रद्दीत गेली होती. त्यानंतर तिने गोष्ट लिहिली नाही.

आता ती नववीत आहे. यंदा दिवाळीत वेचणी चालू असताना मी म्हटलं, "ती परीची गोष्ट सांग ना, तुझीवाली."

"दुपार शे. मामा वाट चुकी," ती हसून म्हणाली.

मी दिवेलागणीपर्यंत थांबलो. मग वही-पेन घेऊन चुलीपाशी तिच्याजवळ बसलो. ती भाकरी थापत होती. तिने वहीकडे पाहिलं, थोडा वेळ आठवून बघितलं.

"आठवत नही, भाऊ," ती म्हणाली. "तुना पुस्तकमा शे ना, तीच वाच."