पाय माझा आहे

डाव्या पायाची जखम मला आधी कळलीच नाही, कारण ती दुखलीच नाही. साखरेनं पाय बधिर झालेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी टॉवेलच्या कडा शिवते. चपलेचा खिळा कधी रुतला कोण जाणे; बघितलं तेव्हा करंगळी काळी पडली होती. ती काढली, तरी जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, आता घोट्यापासून पाय काढू. मी म्हटलं, "पाय माझा हाय. आधी दुसरं काय हुतंय ते बगते."

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पायाला रक्त पोचतंय, म्हणाल्या. मलमपट्टी, औषधं, इन्सुलिन चालूच ठेवू आणि जोडीला ऑक्सिजनची पेटी करून बघू. पेटीत दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे रक्तातून तो जखमेपर्यंत जास्त पोचतो. खात्री मात्र नाही. मला खात्री कुणी दिलीय आजवर?

पहिल्याच दिवशी मला माघारी पाठवलं. वळसंगहून माझं करायला आलेल्या थोरल्या नणंदेनं सकाळी मायेनं डोक्यात वाटीभर तेल जिरवलं होतं. पेटीत तेल चालत नाही, भडका उडायची भीती. दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं न्हाऊन गेले. सिस्टरनं सुती गाऊन दिला आणि म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढा.

वन्सं दारातच आडव्या आल्या. "नवरा धडधाकट असताना गळा मोकळा? माझ्या भावाचं काय वाटतंय का न्हाय तुला?"

माझं डोकंच फिरलं. "वन्सं, पाय तोडायचं ठरलं तवा तुमी गप बसला. आता मण्यांपायी दार अडवताय व्हय?"

मंगळसूत्र काढलं आणि मागं उभ्या असलेल्या ह्यांच्या तळहातावर ठेवलं. "अहो, धरा. तुमचं आयुष्य आता तुमीच सांभाळा."

ह्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.

पेटी काचेसारखी आरपार. झाकण लागलं, कान गच्च झाले. सिस्टरनं शिकवलं तसे आवंढे गिळले. बाहेर वन्सं हात जोडून पुटपुटत होत्या. भावासाठी, माझ्या पायासाठी नव्हे. मला लई राग आला, आणि त्या रागातच मी रोज जात राहिले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शेफारलीय. म्हणू दे.

हळूहळू जखम तळातून लाल झाली, मग भरत आली. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून बघितलं. पाय राहिला, म्हणाल्या.

ह्यांनी खिशाचं बटण काढलं.

"घाल की गं आता तरी," वन्सं म्हणाल्या.

"थांबा की."

मी वाकून आधी चप्पल घातली. दोन्ही पायांत. मग मान पुढं केली.