समुद्रातून मेंढरांना हाक

मी इंदापूरच्या कचेरीतला कारकून. भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास फक्त शिक्का मारलेल्या कागदावर... आणि त्यानंच माझी फजिती केली.

थोरला भाऊ सिदादादा मेंढरं माझ्या गळ्यात टाकून मुंबईला गेला, विलायती आगबोटीवर कोळसा ओढायला. वर साहेब-मडमा, खाली चहाची खोकी. १९३९ला लढाई पेटली तशी सरकारनं बोट ताब्यात घेतली — राखाडी रंग, मागं तोफ, दिवे बंद. त्याच थंडीत तार आली : विलायतेजवळच्या समुद्रात बोटीला सुरुंग लागला, जीव वाचवायला छोट्या नावेत उतरलेले सातजण बेपत्ता. त्यात दादा.

तारेवर शिक्का होता. मी लगेच रडलो.

चुलते आबा म्हणाले, "कणकेचा पुतळा करून नरसिंहपूरच्या संगमावर अग्नी द्यायचा. मग सुनंच्या बांगड्या फोडायच्या."

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, मढं दिसलं न्हाय, आन् कागद बघून माझं कुकू पुसताय व्हय?"

"वहिनी, शिक्का हाय..."

तिनं असं बघितलं की — जाऊ द्या.

स्फोटानंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी, संगमावर मी काडी ओढली. तोच काठावर निवांत चरणारी आमची मेंढरं माना वर करून एकदम ओरडली. दादानं हाक घातली की अशी ओरडायची. माझ्या हाकेला कधीच नाही. मग उधळली ती पुतळ्यावरून, भटजींवरून, माझ्यावरून! मी पालथा. मान वर केली तर म्होरका एडका दादाचं डोकं खात होता.

"आता जाळा काय जाळायचं ते!" वहिनी बांगड्या वाजवत म्हणाली.

दोन महिन्यांनी दादा दारात उभा!

"पाच दिवस धुक्यात भरकटलो," तो सांगू लागला. "पाचव्या सकाळी वाटलं, संपलं. सवयीनं मेंढरांना हाक घातली, तर धुक्यातनं मेंढरं ओरडली! तिकडं वल्ही मारली... म्होरं आमचीच बोट! बुडालीच न्हवती. मागं राहिलेल्यांनी भोक बुजवलं, ती तशीच वाहत आलीवती."

बोटीवर एकही मेंढरू नव्हतं. भट्टी पुन्हा पेटवून, दादानं कोळसा ओढून, ती भोंगा वाजवत बंदराला लागली.

दिवस तोच. विलायतेत सकाळ तेव्हा इथं दुपार, म्हणजे वेळही तीच. हे कसं झालं, मला आजवर उमगलेलं नाही.

सारी आळी चांगभलं करत होती, दादा मिशीला पीळ देत होता. वहिनीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मरताना हाक घातली ती मेंढरांना व्हय? आन् मला?"

दादानं मिशी सोडली आणि भाकरीत डोकं घातलं.