सापसुरळी आणि बॉयलरची खुर्ची

पांडेसरा भागातल्या, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये सुकलालने सतरा वर्षं बॉयलरला लाकडं घातली. भुवया कायमच्या जळून गेलेल्या. तो राहायचा त्या नवागाम वस्तीतल्या बायका म्हणायच्या, अनुसयाने नवरा केला की भाजलेलं वांगं! पण मुख्य बॉयलरवाल्याची जागा रिकामी झाली आणि त्याच बायका तिला नळावर आधी हंडा लावू द्यायला लागल्या. जागा सुकलालचीच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्या दुपारी शेठ स्वतः येऊन सांगणार होते.

सगळ्यांनी म्हणजे किसन सोडून. हा त्याचा साडू, एकाच गावचा, एकाच बॉयलरवरचा. बोलायला भारी गोड. इतका, की बायकोचाही त्याच्यावर भरवसा नव्हता. हे तिनंच नळावर सांगितलेलं.

शेठ यायला अर्धा तास होता. सोनगडकडच्या जंगलातून आलेल्या ढिगातला एक ओंडका सुकलालने उचलला, तशी सालीखालून सापसुरळी निघाली. तपकिरी, तेल चोपडल्यासारखी चकचकीत, सापाला चार इवले पाय फुटावेत तशी. मनगटाला चावली आणि पसार. रक्ताचा टिपूससुद्धा नाही.

"चावनी का रे?" किसन ओरडला. "पय! तीना पहिले पानी पी!"

त्यांच्या खानदेशात पोरासोरांना ठाऊक असतं: सापसुरळी चावली की ती पाण्याकडे धावते. तिच्याआधी माणूस पाणी प्याला तर तो जगतो, नाहीतर ती. सुकलाल माठाकडे वळला.

"माठाचं चालत नाही रे बाबा, वाहतं लागतं! मी बघतो बॉयलर, तू पळ!"

वाहतं पाणी म्हणजे मिलमागचा नाला. त्या दिवशी तो जांभळा वाहत होता. सुकलाल धापा टाकत पोचला, डोळे मिटले आणि ओंजळीवर ओंजळ प्याला. शंका नको म्हणून वर आणखी दोन.

इकडे शेठ आले, तर भट्टीपुढे किसन एकटाच घामाघूम.

"सुकलाल कुठाय?"

"काय सांगू शेठ! भर पाळीत नाल्यावर गेलाय."

खुर्ची तिथल्या तिथे किसनला मिळाली.

सुकलाल तीन दिवस दवाखान्यात ओकत होता. डॉक्टरीण म्हणाली, "काका, सापसुरळी में जहर होता ही नहीं. पण तुम्ही प्यायलात काय?"

चौथ्या दिवशी किसन केळी घेऊन आला. खाटेवर बसला, पाठीवरून हात फिरवला, डोळ्यांत पाणीही आणलं. अनुसया एकटक बघत होती.

"दाजी, ताई सांगत होती, दिवाळीच्या आधी तुम्हालाही चावली होती. तुम्ही कुठं धावलात?"

"मी?" किसन म्हणाला. "अगं, मी ड्युटीवर होतो. बॉयलर सोडून जातं का कुणी?"

सोमवारपासून सुकलालला ट्रकमधली लाकडं उतरवायची होती, किसनच्या हाताखाली. त्याने एक केळं घेतलं आणि सोलायला लागला.